जमिनीवरच्या चांदीचाही हिशेब ठेवा : केंद्रीय खाणमंत्र्यांना एका गलाईवाल्याचे खुले पत्र

माननीय केंद्रीय खाणमंत्री महोदय
आणि खाण मंत्रालयातील सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा. गेली एकतीस वर्षे तमिळनाडूत सेलमला गलाईचे दुकान चालवतो. गलाई म्हणजे जुने, मोडके, हिणकस सोने-चांदी आटवायचे, तेजाबात घालायचे आणि त्यातला शुद्ध धातू वेगळा काढून लगड हातात द्यायची. आमच्या खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या पट्ट्यात पाऊस कधी धड पडला नाही. आमचे आजे मूस आणि चिमटा घेऊन गावाबाहेर पडले, ते देशभर पसरले. आज सराफांची मोठी पेठ आहे आणि तिथे आमच्या विटा गावाकडचा एकही गलाईवाला नाही, असे गाव शोधावे लागेल.

पत्र लिहायला कारण झाली एक यादी. जून २०२३ मध्ये आपल्या मंत्रालयाने देशासाठी महत्त्वपूर्ण अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली. लिथियम, कोबाल्ट, तांबे, गॅलियम, कॅडमियम, सगळे तिच्यात आहेत. चांदी नाही. त्याच वर्षी खाण कायद्यात दुरुस्ती झाली. जमिनीत खोलवर सापडणाऱ्या आणि महत्त्वाच्या अशा २९ खनिजांसाठी शोध परवाना देण्याची तरतूद तिच्यात आहे, आणि त्या २९ मध्ये मात्र चांदी आहे. चांदी शोधायला सरकार तयार आहे, पण ती नसली तर देशाचे अडेल हे सरकारने अजून कागदावर मान्य केलेले नाही. ते मान्य करावे, चांदीचे नाव त्या यादीत घालावे, आणि घालताना खाणीतल्या चांदीइतकेच लक्ष घराघरांत, भंगारात आणि छतांवर पडलेल्या चांदीकडे द्यावे, ही माझी विनंती आहे. ती का, हे सविस्तर सांगतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात, सेलमच्या बाजारात चांदीच्या विटा मिळेनात. पैसे रोख घेऊन उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला ‘उद्या या’ असे सांगताना मी तोवर पाहिले नव्हते. १९८० मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये ज्या ५० डॉलरच्या उंबरठ्यावरून चांदीचा औंसाचा (सुमारे ३१ ग्रॅमचा) भाव मागे फिरला होता, तो उंबरठा त्या महिन्यात ओलांडला गेला. लंडनच्या बाजारात हातात द्यायला चांदी कमी पडली आणि न्यूयॉर्कहून विमानाने विटा आणाव्या लागल्या. आपल्याकडे काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे स्वीकारणे थांबवले. डिसेंबरात किलोचा भाव दोन लाखांच्या वर गेला.

एवढा भाव झाल्यावर खाणवाले जास्त चांदी काढतील, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटायचे. तसे होत नाही, आणि त्याचे कारण आमच्या गावाकडच्या माणसाला सरकीच्या उदाहरणाने लगेच समजते. सरकीचा भाव चढला म्हणून शेतकरी कापूस जास्त लावत नाही. तो कापसाचा भाव पाहतो. सरकी कापसाबरोबर येते, म्हणून येते. जगातल्या चांदीपैकी जेमतेम २८ टक्के चांदी अशा खाणींतून निघते, ज्या चांदीसाठीच चालवल्या जातात. बाकीची शिसे-जस्त, तांबे आणि सोने यांच्या खाणींतून सोबत येते. तिथला मालक जस्ताचा भाव पाहून, तांब्याचा भाव पाहून ठरवतो की यंदा किती खणायचे. चांदी दुप्पट महाग झाली तरी जस्त पडलेले असेल, तर तो खाणीचा विस्तार करणार नाही.

म्हणून जगाचे खाणीतले उत्पादन गेली दहा वर्षे पुढे सरकलेलेच नाही. सिल्व्हर इन्स्टिट्यूट या चांदी उद्योगाच्या जागतिक संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१६ च्या सुमारास ते ९० कोटी औंसांच्या घरात होते. २०२४ मध्ये ते ८२ कोटी औंस, म्हणजे सुमारे साडेपंचवीस हजार टन भरले. त्याच वर्षी जगाची एकूण मागणी ११६ कोटी औंस होती. जुन्या चांदीतून सुमारे १९ कोटी औंस परत आले, तरीही जवळपास १५ कोटी औंसांची तूट राहिली. २०२१ ते २०२४ या चार वर्षांतली तूट एकत्र केली तर ६७.८ कोटी औंस होते. जगातल्या सगळ्या खाणींनी दहा महिने राबून काढावी एवढी ही चांदी. ती साठ्यांतून उचलली गेली. लंडनमध्ये विटा कमी का पडल्या, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

मेक्सिको आज चांदीचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. जगातल्या खाणींमधली जवळजवळ चौथा हिस्सा चांदी तिथून येते, तीही बरीचशी साकातेकास या एका राज्यातून. तिथली पेन्यास्कितो ही खाण मुख्यतः सोन्याची, पण तिच्यातून चांदी, शिसे, जस्तही निघते. २०२३ मध्ये नफ्यातल्या वाट्यावरून कामगारांनी तिथे संप केला आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खाण बंद राहिली. त्याच वर्षी मेक्सिकोने खाणपट्ट्याची मुदत ५० वर्षांवरून ३० वर आणली. संप आणि कायदा, दोन्ही त्यांच्या देशातले प्रश्न, आणि ते कसे सोडवायचे हा त्यांचा अधिकार. पण त्या चार महिन्यांत जी चांदी निघाली नाही तिच्यावर सेलमच्या पैंजण बनवणाऱ्या बाईचेही पोट होते, हे मला दिसते.

ग्वातेमालातल्या एस्कोबालची गोष्ट मी जरा थांबून सांगणार आहे, कारण ती आपल्या मंत्रालयाने विसरू नये असे मला मनापासून वाटते. एस्कोबाल ही खास चांदीचीच खाण. २०१६ मध्ये तिथून दोन कोटी औंसांहून जास्त, म्हणजे साडेसहाशे टनांच्या आसपास चांदी निघाली. आपल्याकडची खाणीतली जवळजवळ सगळी चांदी काढणाऱ्या हिंदुस्थान झिंक कंपनीची २०२४-२५ मधली चांदी ६८७ टन होती, म्हणजे ती एक खाण जवळजवळ आपल्या अख्ख्या देशाएवढी. २०१७ मध्ये ती बंद पडली आणि आजपर्यंत सुरू झालेली नाही. त्या डोंगरभागात शिंका नावाचे आदिवासी लोक राहतात. त्यांचे म्हणणे होते की आमच्या पाण्याचे आणि जमिनीचे काय होईल हे कोणी आम्हाला विचारले नाही. त्यांनी रस्ता अडवला, ते न्यायालयात गेले, आणि २०१८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितले की आधी त्यांना रीतसर विचारा. विचारणा वर्षानुवर्षे चालली आणि २०२५ मध्ये त्यांनी नकार कळवला. मी त्यांना दोष देणार नाही. आमच्या येरळा नदीच्या काठावर कोणी असे न विचारता खणायला आले असते तर आम्हीही रस्ता अडवला असता. मला एवढेच दाखवायचे आहे, की जमिनीखाली चांदी आहे म्हणून ती बाजारात येईलच असे धरून चालता येत नाही, आणि तसे धरून चालूही नये.

पोलंडमध्ये केजीएचएम नावाची कंपनी तांबे काढते आणि वर्षाला तेराशे टनांच्या पुढेमागे चांदीही. ही चांदी येते कुठून? तांबे शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो काळा गाळ बसतो, त्यातून. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या वडिलांची आठवण झाली. सोनारांच्या दुकानातली झाडलेली माती ते पोत्याने विकत घ्यायचे, धुवायचे, आटवायचे आणि तिच्यातून गुंजा-गुंजांनी चांदी-सोने काढायचे. जगातल्या मोठ्यांतल्या मोठ्या चांदी उत्पादकाची रीत मुळात तीच आहे.

आपल्या देशात खाणीतली चांदी म्हणजे राजस्थानची चांदी. राजसमंद जिल्ह्यातल्या सिंदेसर खुर्दची गणना जगातल्या आघाडीच्या चांदी देणाऱ्या खाणींत होते, आणि तिथेही मुख्य काम शिसे-जस्ताचे. २०२३-२४ मध्ये हिंदुस्थान झिंकची चांदी ७४६ टन होती, पुढच्या वर्षी ती ६८७ वर आली. आता याच्या शेजारी आयात ठेवा. २०२३ मध्ये आपण सुमारे ३,६०० टन चांदी आणली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले आणि २०२४ ची आयात साडेसात हजार टनांच्या वर गेली. म्हणजे घरची चांदी आयातीच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नाही. आणि या आयातीतला मोठा भाग ब्रिटनमधून येतो, जिथल्या खाणींतून चांदी जवळजवळ निघतच नाही. ती तिजोऱ्यांतली चांदी आहे, आणि तिजोरीचा तळ दिसू लागला की काय होते ते आपण त्या दिवाळीत पाहिले.

इतर देश जागे झाले आहेत. अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत चांदी घातली. कोणत्या कंपन्यांना चांदी निर्यात करता येईल, त्याची २०२६ आणि २०२७ साठीची यादी चीनने प्रसिद्ध केली. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२६ पासून चांदीच्या दागिन्यांवर कर्ज देण्याचे नियम केले, चांदीच्या हॉलमार्कला सप्टेंबर २०२५ पासून सहा अक्षरी ओळख क्रमांक आला. बँकेने चांदीला ओळखले, मानक ब्युरोने ओळखले. खाण मंत्रालयाने ओळखायचे राहिले आहे.

कोणी म्हणेल, पैंजण आणि ताटवाट्यांसाठी एखादा धातू महत्त्वपूर्ण कसा ठरेल? महोदय, २०२४ मध्ये जगात लागलेल्या चांदीतला निम्म्याहून मोठा वाटा, ६८ कोटी औंस, उद्योगांनी वापरला. आमच्या गावात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून माझ्या चुलतभावाच्या विहिरीवर सौर पंप बसला. रात्रीच्या विजेची वाट पाहत विहिरीवर जागलेले माझे काका आता संध्याकाळी सातला जेवून झोपतात. त्या पॅनेलवर ज्या केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, त्या चांदीच्या आहेत. एका पॅनेलमध्ये काही ग्रॅमच, पण देशात सौरऊर्जेची क्षमता जानेवारी २०२५ मध्ये शंभर गिगावॉट झाली आणि आता ती त्याच्याही पुढे गेली आहे. कंपन्या दर वर्षी प्रत्येक पॅनेलमागची चांदी घटवत आहेत, तिच्या जागी तांबे आणायचा प्रयत्न करत आहेत, तरी पॅनेलेच इतकी वाढली की २०२४ पर्यंत मागणी उतरली नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्या, मोबाइल, स्विच, सगळ्यांना ती लागते, कारण वीज वाहून नेण्यात चांदीच्या पुढे दुसरा धातू नाही.

तर चांदी येणार कुठून? खाण वाढत नाही, आयात परावलंबी आहे. उरते ती आधीच काढून झालेली चांदी. आणि ती आपल्याकडे जगात कोणाकडे नसेल एवढी आहे. माझ्या दुकानात आजही राणीछाप रुपये येतात. व्हिक्टोरिया राणीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा वजन आणि ९१.७ टंच, म्हणजे शंभरात ९१.७ भाग शुद्ध चांदी. घासून गुळगुळीत झालेला असतो, पण चांदी कुठे गेलेली नसते. सुरतेच्या टांकसाळीत मोगलांच्या काळी परदेशी चांदी आटवून रुपये पाडले जात, आणि त्या चांदीतली बरीच मुळात अमेरिका खंडातून, बोलिव्हियातल्या पोतोसीसारख्या डोंगरातून आलेली असे. तो डोंगर १५४५ पासून खणला जातो आहे आणि आजही त्याच्या पोटात माणसे उतरतात. तिथल्या कोणा मजुराने जिवावर उदार होऊन काढलेले चार गुंज, चार शतकांत कितीदा तरी आटून, आज माझ्या मुशीत असतील. चांदी नष्ट होत नाही. ती हरवते तेव्हा हरवते, जेव्हा ती इतक्या लहान तुकड्यांत विखुरते की वेचणे परवडत नाही.

सौर पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक भंगार हे असे विखुरणे आहे, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकांनी आपला माल पुनर्चक्रणाला दिल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे, ही चांगली पद्धत आली. पण ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर मिळतात. चांदीवर नाही. ज्या धातूचे प्रमाणपत्र नाही तो काढायला पुनर्चक्रण करणारा वेळ आणि तेजाब कशाला खर्च करील? सौर पॅनेलांच्या कचऱ्याबद्दल तेच नियम सांगतात की उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंतचा कचरा साठवून ठेवायचा. साठवायचा कुठे, फोडायचा कोणी, हे शेतकऱ्याला ठाऊक नाही. गारपिटीत फुटलेली पॅनेले बांधावर पडलेली मी पाहिली आहेत. हे नियम पर्यावरण मंत्रालयाचे, याची मला कल्पना आहे. पण देशाच्या धातूंची काळजी ज्या खात्याने करायची ते आपले आहे, आणि आपण शब्द टाकला तर चांदी हा पाचवा धातू होईल.

सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तिच्यातला एक तृतीयांश वाटा लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखला आहे, हे वाचून मला फार आनंद झाला होता. पण चांदी यादीत नाही. जो माणूस चांदी काढतो त्याला त्या योजनेच्या दारात उभे राहायला जागा नाही. म्हणून मी सुरुवातीला यादीचा विषय काढला. यादीतले एक नाव म्हणजे आमच्यासाठी धुराड्याचे, तेजाब निवळवायच्या टाकीचे, प्रशिक्षणाचे पैसे आहेत.

आणि ते हवेत, कारण आमच्या धंद्याचे दोष मी झाकणार नाही. चांदी तेजाबात पडली की तांबूस पिवळा धूर उठतो. तो छातीत गेला की रात्रभर खोकला थांबत नाही. माझे वडील साठीच्या आत दम्याने गेले. उरलेल्या निळ्या पाण्यात तांबे असते, आणि ते पाणी आमच्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे गटारात सोडले. मीही सोडले आहे. कारण दुसरे काय करायचे ते कोणी शिकवले नाही, आणि शिकायला गेलो असतो तर आम्ही कोणत्या खात्यात मोडतो हेच ठरलेले नव्हते. उद्योग म्हणावे तर दुकान लहान, दागिने म्हणावे तर आम्ही घडवत नाही, खनिज म्हणावे तर आम्ही खणत नाही. आमच्याशी नियमित संबंध येतो तो पोलिसांचा, चोरीच्या मालाच्या संशयावरून. चोरीचा माल घेणाऱ्याला शिक्षा व्हावीच. पण ज्याच्याकडे वजनाची पावती, टंचाची नोंद, आणणाऱ्याचे ओळखपत्र आहे, त्याची सरकारदरबारी नोंदणी असेल तर त्याला रात्री अपरात्री परराज्यातल्या ठाण्यात बसावे लागणार नाही, आणि सरकारला देशात जुनी चांदी दर वर्षी किती परत फिरते याचा खरा आकडाही मिळेल. आज जो आकडा सांगितला जातो तो अंदाज आहे. आमच्या वह्यांत तो तोळ्या-तोळ्याने लिहिलेला आहे. मागा, आम्ही देऊ.

शेवटी एक गोष्ट कबूल करतो. गेल्या उन्हाळ्यात बांधावर पडलेले एक फुटके पॅनेल मी गाडीत घालून सेलमला आणले. त्यासाठी परवानगी घेतली नव्हती. कोणाकडे मागायची तेच कळले नाही. चार दिवस खपून काचेखालच्या प्लास्टिकमधून त्या निळसर चकत्या सोडवल्या, तेजाबात घातल्या, तांब्याची पट्टी सोडली, आणि पट्टीवर पांढरा भुगा धरला. सवागी (टाकणखार) घालून आटवल्यावर मुशीत करंगळीच्या नखाएवढा मणी उतरला. टंच काढला, चांदी चोख होती. माझी मुलगी रसायनशास्त्र शिकते आहे. तिने विचारले, जोडाला लावलेले शिसे कुठे गेले? ते उरलेल्या पाण्यात विरघळले होते, आणि पाणी निवळवल्यावर गाळात उतरले. तो गाळ, प्लास्टिक आणि काचेचा चुरा मी फेकलेला नाही. पोत्यात बांधून दुकानामागे छपराखाली, पाणी लागणार नाही असा ठेवला आहे. त्या पोत्याचे काय करायचे, ते कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक गलाई व्यावसायिक
सध्या मुक्काम सेलम, तमिळनाडू